बमफिट म्हणजे किती?

प्रश्न : मावसबहीण इंग्लंडला लेक डिस्ट्रिक्टला फिरून आली, येताना मेंढ्यांची चित्रं असलेला कप घेऊन आली. एकेका मेंढीखाली यान, टॅन, टेथेरा, मेथेरा, पिंप असं काहीतरी लिहिलंय आणि शेवटच्या मेंढीखाली बमफिट. घरातल्या डिक्शनरीत यातलं काहीच सापडेना. हे इंग्लिशच आहे का? अजून कोणी बोलतं का असं? मुलीने तर पाठच करून टाकलंय.
– एक वाचक, मिरज

उत्तर : बमफिट म्हणजे पंधरा, कपावरच्या मेंढ्या मोजून बघा, पंधराच निघतील बहुतेक. उत्तर इंग्लंडात, म्हणजे कंब्रिया, यॉर्कशायर वगैरे डोंगराळ भागात मेंढ्या मोजायचे हे जुने आकडे, विणकाम करणाऱ्या बायका टाके मोजायलाही वापरायच्या म्हणतात. दहा म्हणजे डिक, अकरा यान-अ-डिक, आणि खरी गंमत पंधराच्या पुढे, कारण सोळा म्हणजे यान-अ-बमफिट, सतरा टॅन-अ-बमफिट, असं करत वीसला गिगट. तिथे मोजणी संपते. मग खिशात एक खडा टाकायचा नाहीतर काठीवर खाच पाडायची आणि परत यानपासून सुरू.

यान हा तर तिकडच्या बोलीतला साधा 'वन'च आहे. पण पाच, दहा, पंधरा बघा : वेल्श भाषेत पाचला पिंप म्हणतात, दहाला देग, पंधराला पम्थेग, आणि सोळाला तेही 'पंधरावर एक' असंच म्हणतात. इंग्लिश यायच्या आधी कंब्रियात वेल्शच्याच नात्यातली एक भाषा बोलायचे, तिचे हे उरलेसुरले आकडे असं पुष्कळ जण मानतात. अलेक्झांडर एलिस नावाच्या अभ्यासकाने १८७०च्या दशकात गावोगावचे असे आकडे जमवले होते, दर खोऱ्यात थोडे वेगळे. मला स्वतःला ती हजार वर्षांची कथा जरा रंगवलेली वाटते, कारण लेखी नोंदी १८व्या शतकापासूनच्या आहेत, त्यामुळे मागाहून वेल्समधून आले असतील हेही शक्य आहेच. शिवाय सहा ते नऊ म्हणजे सेथेरा, लेथेरा, होवेरा, डोवेरा, यात वेल्शचं फारसं काही उरलेलं नाही, नुसतं यमक जुळवलंय.

आपल्याकडे विटीदांडूत वकट, लेंड, मुंड, नाल म्हणायचो ते आठवतंय का? तेलुगूत ओकटि, रेंडु, मूडु, नालुगु. पुढचा आर तेलुगूत सहा आहे, आपण मात्र पाचव्यालाच म्हणायचो, आणि कुणाला काही फरक पडत नव्हता. खेळात नाहीतर कामात आकडे एकदा चालीवर बसले की मूळ भाषा कुठली हे कोण विचारतंय!

आता बोलण्याचं म्हणाल तर कंब्रियात एकला यान म्हणणारे लोक आजही भेटतात, बाकी आकडे मात्र पोरांच्या गाण्यात आणि टुरिस्टांच्या कपांवरच राहिलेत. मुलीला खुशाल म्हणू द्या, फक्त शाळेत इंग्लिशच्या बाईंसमोर पाच आणि दहा मोठ्याने नको. आपल्याकडे पिंप पाण्याचं असतं, आजच्या इंग्लिशमध्ये तो बायकांचा धंदा चालवणारा दलाल, आणि डिकचं तर विचारूच नका.