फुटबॉलच्या 13 टिमांचा नॉकआउट ड्रॉ कसा काढायचा? बरोबरी झाली तर सामना पुन्हा खेळवायचा का?

बाय (म्हणजे न खेळता थेट पुढची फेरी) द्यायचे ते सगळे पहिल्याच फेरीत. 13 च्या पुढचा दुपटीचा (2, 4, 8, 16 असा) आकडा 16, म्हणून बाय 3. उरलेल्या 10 टिमांचे 5 सामने, की लगेच 8 टिमांची उपांत्यपूर्व फेरी. एकूण सामने 12, कारण दर सामन्याला एकच टीम बाद होते.

गावोगावी चुकतं ते इथंच. 6 सामने आणि 1 बाय असं सुरू केलं की पुढे 7 टिमा उरतात, पुन्हा बाय लागतो. दोन्ही बायच्या चिठ्ठ्या एकाच टीमला निघाल्या तर ती एकही सामना न खेळता उपांत्य फेरीत! मग मैदानावर भांडण ठरलेलं. बायच्या चिठ्ठ्या सगळ्या कप्तानांसमोर काढा. इंग्लंडच्या एफए कप या फुटबॉल स्पर्धेतही वरच्या दोन विभागांचे 44 क्लब थेट तिसऱ्या फेरीत येतात, खालून आलेले 20 धरून बरोबर 64, म्हणजे तोही दुपटीचाच आकडा.

सामना पुन्हा खेळवू नका. एफए कपानेही 2024-25 पासून पहिल्या फेरीपासूनचे रिप्ले बंद केले. बाहेरगावची टीम गाडीभाडं भरून दुसऱ्यांदा कशी येणार?

30-30 मिनिटांचा खेळ, मग 5-5 मिनिटं जादा, मग 5-5 पेनल्टी. तरीही बरोबरी राहिली तर एकेक. सगळ्यांची एकदा मारून झाल्याशिवाय कुणालाच दुसरी नाही, गोलकीपरही त्यात आला. जानेवारीत आपल्याकडे सहाच्या सुमारास सूर्य बुडतो. शेवटचा सामना सव्वाचारला सुरू कराच, नाहीतर पेनल्टी अंधारात.