'पब्लिक एनिमी नंबर वन' : हा नंबर कोण ठरवायचं?

प्रश्न : मंदीच्या काळात अमेरिकेत जॉन डिलिंजरसारख्या बँक लुटारूंना 'पब्लिक एनिमी नंबर वन' म्हणत. ही पोलिसांची अधिकृत यादी होती का?

उत्तर : सुरुवात पोलिसांनी केलीच नव्हती आणि पहिलं नाव बँक लुटारूचंही नव्हतं. १९३० साली शिकागो क्राइम कमिशन या नागरिकांच्या खासगी संस्थेने २८ गुंडांची नावं जाहीर केली. पहिला शिकागोचा टोळीप्रमुख अल कपोन. संस्थेचे अध्यक्ष फ्रँक लोश यांना ही माणसं सतत लोकांच्या नजरेसमोर हवी होती. शहराचे पोलीस आणि न्यायालयं विकली गेली असताना नागरिकांनी नावं घेऊन बोलावं, हे धाडसच होतं.

वर्तमानपत्रांनी ते नाव उचललं आणि मग सरकारनेही. जून १९३४ मध्ये न्याय खात्याने डिलिंजरला पहिला नंबर दिला, पकडून देणाऱ्याला १०,००० डॉलर जाहीर केले. महिन्याभरात, २२ जुलैला, शिकागोच्या बायोग्राफ थिएटरबाहेर तो मारला गेला. मग तो नंबर 'प्रिटी बॉय' फ्लॉइडकडे, त्याच्यानंतर 'बेबी फेस' नेल्सनकडे गेला. वर्ष संपायच्या आत दोघेही ठार झाले. पुढचा अल्विन कार्पिस मात्र १९३६ मध्ये न्यू ऑर्लिन्सला जिवंत सापडला.

या बिरुदाला कायद्यात काडीचाही आधार नव्हता. मे १९३४ पर्यंत बँक लुटणं हा केंद्र सरकारच्या कायद्याखाली गुन्हाच नव्हता, तो ज्या त्या राज्याचा प्रश्न. राज्याची हद्द ओलांडली की लुटारू निम्मा सुटला! डिलिंजर केंद्राच्या कचाट्यात आला तो मोटारीमुळे. मार्च १९३४ मध्ये इंडियानातल्या क्राउन पॉइंटच्या तुरुंगातून तो पळाला, तोही शेरीफची, म्हणजे तिथल्या पोलीसप्रमुखाचीच गाडी घेऊन, आणि थेट इलिनॉयमध्ये गेला. चोरीची मोटार राज्याबाहेर नेणं हा मात्र १९१९पासून केंद्रीय गुन्हा होता.

मंदीत बँका बुडून लोकांच्या ठेवी गेल्या होत्या, म्हणून अनेकांना हे लुटारू आपलेसे वाटले. तो राग मला समजतो, पण ते कौतुक पटत नाही. ईस्ट शिकागोच्या बँकेबाहेर जानेवारी १९३४ मध्ये विल्यम ओमॅली हा पोलीस गोळीबारात मेला. त्याच्या खुनाचा आरोप डिलिंजरवरच होता. बँका बुडाल्या त्यात ओमॅलीचा काय दोष?

तुम्ही म्हणता तशी अधिकृत यादी एफबीआय या केंद्रीय तपास संस्थेने १९५० मध्ये सुरू केली. तिच्यात दहा नावं असतात, पण त्यांना नंबर दिलेले नसतात.