उद्योजक कोण, उदमी कोण, मक्तेदार कोण?

धंदा उभारणाऱ्या माणसाला आणि त्याच्या कामाला काय म्हणावे, याबद्दल आलेले प्रश्न या वेळी एकत्र घेतले आहेत.

प्रश्न : 'आंत्रप्रेन्योर' म्हणजे धाडसाने धंदा उभारणारा आणि 'उद्योजक' हा त्याचा मराठी प्रतिशब्द, असे एका कार्यशाळेत सांगितले. पण 'उद्योजक' या शब्दात धाडस कुठे आहे? (कोथरूड)

कुठेच नाही. 'उद्योजक' हा उद् + युज् असा बनतो. युज् म्हणजे जुंपणे. योजना, युक्ती आणि बैलाच्या मानेवरचे जू ही सगळी याच गोतातली. उद्योग म्हणजे कामाला जुंपून घेणे, तयारीला लागणे. महाभारतातले पाचवे पर्व उद्योगपर्व. त्यात युद्धाची तयारी आहे, सैन्याची जमवाजमव आहे, कृष्णाची शिष्टाई आहे. तेव्हा उद्योजक म्हणजे कामाला लावणारा, चालना देणारा. धोक्याचा त्यात उल्लेख नाही.

'आंत्रप्रेन्योर' या फ्रेंच शब्दातही धोका सुरुवातीला नव्हता. 'आंत्रप्रांद्र' म्हणजे हाती घेणे. काम अंगावर घेणारा कोणीही आंत्रप्रेन्योर. पुढे राजासाठी किल्ले, पूल ठरल्या रकमेत बांधून देणाऱ्याला हे नाव पडले. त्याला अर्थशास्त्रातली नेमकी व्याख्या दिली रिचर्ड कँटिलन याने. हा मूळचा आयरिश, पॅरिसमध्ये सावकारी करणारा. त्याचा ग्रंथ १७५५ साली, त्याच्या मृत्यूनंतर, छापला गेला. त्याचे म्हणणे असे : ज्याचा खर्च ठरलेला पण मिळकत ठरलेली नाही, तो आंत्रप्रेन्योर. शेतकरी खंड ठरलेला देतो, पीक कोणत्या भावाने जाईल हे त्याला ठाऊक नसते. म्हणून तोही त्यात आला. कँटिलनने भिकारी आणि दरोडेखोरसुद्धा या यादीत घातले आहेत, कारण त्यांचीही मिळकत बेभरवशाची!

ही कसोटी पुण्यात गुलटेकडीच्या मार्केटयार्डात लावून पाहा. आडत्या शेतकऱ्याचा कांदा विकून देतो आणि आडत, म्हणजे दलाली, घेतो. भाव पडला तर त्याची आडत थोडी घटते, पण कांद्याचा तोटा शेतकऱ्याचा. तोच कांदा एखाद्या व्यापाऱ्याने स्वतःच्या पैशाने उचलला, हमाली, तोलाई आणि गाडीभाडे चुकवले, आणि दोन दिवसांनी भाव कोसळला, तर तोटा संपूर्ण त्याचा. दोघे एकाच गाळ्यात बसत असतील, पण कँटिलनच्या अर्थाने आंत्रप्रेन्योर दुसराच.

या अर्थाला जवळचा जुना मराठी शब्द आहे मक्तेदार, किंवा इजारदार. सरकारला ठराविक रक्कम भरायची आणि वसुलात जो नफा-नुकसान होईल तो आपला, असा तो करार. दुसऱ्या बाजीरावाच्या काळात महसुलाचे असे मक्ते सर्रास दिले जात, आणि मक्तेदार रयतेला पिळत. शब्द बदनाम झाला तो त्यामुळे. आज 'मक्तेदारी' म्हटले की एकाधिकारच डोळ्यांसमोर येतो, त्यामुळे तो परत आणता येणार नाही. 'उद्योजक' रूढ झाला आहे, तो वापरावा; धाडस त्याच्या व्युत्पत्तीतून काढून दाखवू नये, इतकेच.

जाता जाता : इंग्रजीत याच अर्थाने 'अंडरटेकर' चाले. अ‍ॅडम स्मिथच्या १७७६ च्या ग्रंथात तो आहे. पण पुढे तो अंत्यसंस्काराची व्यवस्था करणाऱ्यांना चिकटला आणि इंग्रजांना फ्रेंच शब्द उसना घ्यावा लागला.

प्रश्न : माझे फॅब्रिकेशनचे छोटे वर्कशॉप आहे. सूक्ष्म, लघू आणि मध्यम उद्योगांच्या सरकारी नोंदणीला 'उद्यम' म्हणतात, आपण 'उद्योग' म्हणतो. दोन्ही एकच का? (भोसरी)

शब्द म्हणून वेगळे. उद्यम म्हणजे उद् + यम्, वर उचलणे. 'उद्यत' म्हणजे उगारलेला, हा त्याचाच भाऊ. बोलीत जोडाक्षर फुटून 'उदीम' झाला. 'व्यापारउदीम' आपण अजून म्हणतो, आणि तो करणारा उदमी.

सरकारी वापरात 'उद्यम' हिंदीतून आला आणि तो 'उद्योग'पेक्षा रुंद आहे. त्यात कारखाना आला तशी सेवाही आली. किरकोळ आणि घाऊक व्यापाऱ्यांनाही जुलै २०२१ पासून नोंदणी करता येते, मात्र त्यांना लाभ फक्त अग्रक्रम क्षेत्राच्या, म्हणजे बँकांनी प्राधान्याने द्यायच्या, कर्जापुरता.

तुमच्या कामाचे : १ एप्रिल २०२५ पासून यंत्रसामग्रीतली गुंतवणूक अडीच कोटींपर्यंत आणि उलाढाल १० कोटींपर्यंत असेल तर तुम्ही 'सूक्ष्म' वर्गात. लघूसाठी हे आकडे २५ आणि १००, मध्यमसाठी १२५ आणि ५०० कोटी. दोन्हींपैकी एक मर्यादा ओलांडली तरी वरचा वर्ग लागतो. घोटाळा होतो तो इथे : लोक जागा आणि शेडची किंमत गुंतवणुकीत धरतात. ती धरायची नसते. निर्यातीची विक्रीही उलाढालीतून वगळली जाते. नोंदणीला आधार आणि पॅन लागते, शुल्क शून्य. सरकारी वाटणारे पान उघडून कोणी पैसे मागत असेल तर पान बंद करा. नोंदणी क्रमांकात 'उद्यम' शब्दानंतर राज्याची दोन अक्षरे, मग जिल्ह्याचे दोन अंक आणि शेवटी सात अंक असतात. बिलावर छापताना एक अंक गाळला तरी ग्राहकाच्या लेखा विभागात बिल अडकते.

पाटीवर 'उद्योग' लिहा. गिऱ्हाईक तेच वाचते.

प्रश्न : 'व्हेंचर कॅपिटल'ला 'साहस वित्त' म्हणणे कितपत योग्य? (औंध)

व्हेंचर कॅपिटल म्हणजे नव्या, बेभरवशाच्या धंद्यात लावलेले भांडवल. 'साहस वित्त' कानाला भारदस्त, पण आम्हाला पटत नाही. 'व्हेंचर' हे 'अ‍ॅडव्हेंचर'चे तुटलेले रूप. मूळ लॅटिनमध्ये अर्थ 'जे पुढे येणार आहे ते'. भरवसा नसलेल्या भविष्यावर माल लावणे, हा भाव. साहसाचे घराणे वेगळे. 'सहस्' म्हणजे बळ, आणि धर्मशास्त्रात साहस म्हणजे उघड बळजोरीने केलेला गुन्हा. लपूनछपून केला तर ती चोरी. मनुस्मृतीत दंडाच्या तीन पायऱ्याच 'साहस' नावाने आहेत : २५०, ५०० आणि १००० पण ('पण' हे जुने नाणे). आजही घरातली वडीलधारी माणसे 'उगाच साहस करू नकोस' म्हणतात तेव्हा त्यात कौतुक नसते.

'जोखीम भांडवल' जास्त चपखल. मराठीत जोखीम म्हणजे धोका तर आहेच, पण सांभाळायचा ऐवजही आहे : 'प्रवासात जोखीम जवळ बाळगू नका' म्हणताना आपण दागिन्यांबद्दल बोलत असतो. दुसऱ्याचा पैसा घेणाऱ्याला दोन्ही अर्थ लागू पडतात. लिहिताना मात्र 'जोखीमीचे' नको, 'जोखमीचे' हवे. जसे उदीम-उदमाचे, बेरीज-बेरजेचे.

प्रश्न : 'उद्योजिका' की 'महिला उद्योजक'? आणि 'नाविन्यता' बरोबर का? (सहकारनगर)

लेखक-लेखिका तसे उद्योजक-उद्योजिका. व्याकरणाने निर्दोष. एकीबद्दल बोलताना हाच वापरा. योजनांच्या मथळ्यात 'महिला उद्योजक' चालतो.

'नाविन्यता' चूक. नवीनपासून 'नावीन्य' हेच भाववाचक नाम झाले. त्याला पुन्हा 'ता' म्हणजे टोपीवर टोपी. राज्य सरकारच्या विभागाच्या नावात हा शब्द आहे, तेव्हा अर्जावर ते नाव छापील तसेच लिहा. स्वतःच्या लेखात 'नावीन्य' पुरे. 'उद्योजकता' मात्र बरोबर आहे.

प्रश्न : उद्योग इतका मानाचा, तर पोराने घड्याळ खोलून ठेवले की 'काय उद्योग करून ठेवलास' का म्हणतो? (शनिवार पेठ)

कारण उद्योगाचा मूळ अर्थ 'कामाला लागणे' एवढाच, काम कोणते ते शब्द सांगत नाही. म्हणून उद्योगाच्या घरी ऋद्धिसिद्धी पाणी भरतात, आणि 'नसते उद्योग'ही तोच शब्द करतो. व्यापाराचेही तसेच, नको तिथे नाक खुपसणे म्हणजे 'अव्यापारेषु व्यापार'. 'उलाढाल' तर नफा-तोटा पत्रकात विक्रीचा आकडा असते, आणि वाड्याच्या कट्ट्यावर कारस्थान.