आजचा पिचर, आजचे मैदान आणि ईआरएचा आकडा

आपला प्रश्न असा आहे, की अमेरिकेतल्या मेजर लीग बेसबॉलच्या त्या-त्या दिवसाच्या सामन्यांचा अंदाज बांधताना दोन्ही स्टार्टर पिचरांचे (सामन्याची सुरुवात करणाऱ्या चेंडूफेक्यांचे) ईआरए, म्हणजे धावा देण्याची सरासरी, शेजारी ठेवून कमी आकड्याच्या पिचरचा संघ वरचढ मानला, तर त्यात चुकते कुठे.

पहिली गोष्ट म्हणजे ते दोन पिचर एकमेकांविरुद्ध खेळतच नाहीत. २०२२ पासून मेजर लीगच्या दोन गटांपैकी नॅशनल लीगमध्येही फलंदाजीला पिचरच्या जागी वेगळा फलंदाज येतो, त्यामुळे पिचर असून फलंदाजीही करणाऱ्या ओहतानीचा अपवाद सोडला तर प्रत्येक पिचरची गाठ पडते ती समोरच्या संघाच्या नऊ फलंदाजांशी. दुसरी गोष्ट अधिक फसवी आहे. ईआरए म्हणजे नऊ इनिंगांमागे, म्हणजे एका पूर्ण सामन्यामागे, पिचरच्या खात्यावर पडलेल्या धावा. पण त्याचे साधारण निम्मे सामने घरच्या मैदानावर होत असल्यामुळे त्या आकड्यात मैदान आधीच मुरलेले असते. डेन्व्हरच्या पिचरचा ४.६० आणि सिअ‍ॅटलच्या पिचरचा ३.६० असेल, तर त्या एका धावेच्या फरकात कौशल्य किती आणि हवा-मैदान किती, हे आकडा सांगत नाही. म्हणून मी आधी स्ट्राइकआउट (तीन स्ट्राइकवर बाद झालेले फलंदाज) आणि वॉक (चार चुकीच्या चेंडूंवर फुकट पहिल्या बेसवर गेलेले फलंदाज) यांचे प्रमाण पाहतो, आणि त्याच्या चेंडूंवर फटके जमिनीलगत जातात की उंच उडतात, हे तपासतो.

क्रिकेटमुळे आपल्याला खेळपट्टी वाचण्याची सवय असते. बेसबॉलमध्ये चेंडू टप्पा न घेताच फलंदाजापर्यंत येतो, त्यामुळे येथे वाचायची ती हवा आणि कुंपण. चिन्नास्वामीवर चेंडू लांब जातो असे आपण म्हणतो, पण बंगळुरूची उंची सुमारे ९०० मीटर आहे. डेन्व्हर सुमारे १,६०० मीटरवर आहे आणि तेथील हवा समुद्रसपाटीपेक्षा १५ ते २० टक्के विरळ असते. उंच फटका तेथे दूर जातो हे सर्वांना ठाऊक असते. मात्र चेंडू वळतो तो हवेच्या जोरावर, आणि हवाच विरळ असल्यामुळे कर्व्हबॉलवर (वळत खाली येणाऱ्या चेंडूवर) पोट भरणाऱ्या पिचरचे हत्यार तेथे बोथट होते, हे अंदाज बांधताना अनेकदा निसटते. २००२ पासून डेन्व्हरच्या मैदानावर, कूर्स फील्डवर, चेंडू आर्द्रता राखणाऱ्या खोलीत ठेवतात, त्यामुळे ते कमी उसळतात आणि होम रन (कुंपणापलीकडे जाणारे फटके) काहीसे आटोक्यात आले. पण होम रन रोखण्यासाठी कुंपण आधीपासूनच लांब ठेवलेले आहे, मध्यभागी ४१५ फुटांवर, आणि तेवढे विस्तीर्ण मैदान मागच्या तीन क्षेत्ररक्षकांना झाकता येत नाही. साधे फटकेही त्यांच्यामध्ये पडतात. त्यामुळे ‘हा पिचर होम रन देत नाही’ एवढ्या भरवशावर तेथे निर्धास्त राहता येत नाही.

मैदानाचा परिणाम सांगणारा ‘पार्क फॅक्टर’ १०० ही सरासरी धरून काढतात; १००च्या वर म्हणजे तेथे धावा जास्त होतात. घरच्या मैदानावर हंगामात ८१च सामने होत असल्याने मी एका वर्षाच्या आकड्यावर विसंबत नाही, निदान तीन वर्षांचा घेतो. तरीही एकच आकडा सर्वांना सारखा लागू पडत नाही. न्यूयॉर्कच्या यांकी स्टेडियममध्ये उजवीकडचे कुंपण रेषेवर केवळ ३१४ फुटांवर आहे. समोरच्या क्रमात डावखुरे फटकेबाज असतील आणि आपला उजव्या हाताचा पिचर उंच फटके देणारा असेल, तर सरासरी आकडा कितीही सौम्य दिसला तरी मला धास्ती वाटते. बॉस्टनच्या फेनवे पार्कमध्ये डावीकडची भिंत ३१० फुटांवर, पण ३७ फूट उंच आहे. इतरत्र सहज झेल ठरणारा उंच फटका तेथे भिंतीवर आदळतो आणि इतरत्र होम रन झाला असता असा सपाट फटकाही त्याच भिंतीला लागून परत येतो. दोन्हींचे बहुधा डबल (दोन बेस मिळवून देणारे फटके) होतात.

बुलपेनविषयी, म्हणजे स्टार्टरनंतर येणाऱ्या पिचरांविषयी, थोडक्यात एवढेच, की स्टार्टर हल्ली बहुधा पाच-सहा इनिंगांत परततो, तेव्हा उरलेल्या इनिंगा कोण टाकणार आणि त्यांपैकी कोण काल-परवा दमला आहे, हेही पाहावे.

शिकागोचे रिगली फील्ड मात्र कोणत्याही सरासरीत बसवू नये. मिशिगन सरोवरावरून वारा आत येत असेल तर ते पिचरचे मैदान असते आणि बाहेर वाहत असेल तर फलंदाजांचे. १७ मे १९७९ रोजी वारा बाहेर वाहत असताना तेथे फिलाडेल्फियाने शिकागोला २३-२२ असे हरवले होते. तेथील सामन्याविषयी मी फलंदाजांचा क्रम जाहीर होऊन वाऱ्याची दिशा कळेपर्यंत काहीच लिहीत नाही, मग त्यासाठी भारतीय वेळेनुसार मध्यरात्रीपर्यंत थांबावे लागले तरी चालेल.