घेतल्याचे समाधान टिकवणारी रायफल : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : नेमबाजीचे प्राथमिक प्रशिक्षण पूर्ण करून मी नुकताच परवाना मिळवला आहे आणि पहिली रायफल घेण्याच्या विचारात आहे. क्लबमधील अनुभवी मंडळी म्हणतात, की मोठ्या काडतुसाचीच रायफल घ्या, नाहीतर वर्षभरात ती अपुरी वाटू लागेल. बऱ्याच वर्षांनंतरही मालकाला जिचा पश्चात्ताप होत नाही, अशी रायफल कोणती?

उत्तर : ज्यांच्याकडे चार-पाच रायफली आहेत अशा मालकांना, यांपैकी एकच ठेवायची असेल तर कोणती ठेवाल, असे विचारून पाहावे. मी हा प्रश्न अनेकांना विचारला आहे आणि बहुतेकांनी .२२ लाँग रायफल या लहान काडतुसाच्या रायफलीकडे बोट दाखवले आहे. हे काडतूस १८८७ पासून वापरात आहे. त्याच्या प्रमाण गोळीचे वजन ४० ग्रेन, म्हणजे सुमारे २.६ ग्रॅम असते आणि तिचा धक्का खांद्याला जेमतेम जाणवतो. शिकणाऱ्याच्या दृष्टीने धक्क्याचा हा अभाव फार मोलाचा आहे. मोठ्या काडतुसाचा आवाज आणि धक्का यांची धास्ती शरीर फार लवकर घेते. मग चाप पूर्ण ओढला जाण्याआधीच खांदा आखडतो, डोळा मिटतो, आणि ही सवय एकदा लागली की ती मोडायला बराच काळ जातो. लहान काडतुसावर नेमबाजाचे लक्ष श्वास, पकड आणि चाप यांवर टिकून राहते, आणि काडतुसे तुलनेने फार स्वस्त असल्यामुळे एका बैठकीत भरपूर सरावही होतो. जी रायफल वारंवार कपाटाबाहेर निघते, तीच मालकाला प्रिय होते, हे माझे ठाम मत आहे. पुढील सर्व उत्तरेही मी त्याच मापाने देणार आहे.

आता नावांकडे वळू. स्वयंभरण प्रकारात रुगर १०/२२ ही रायफल १९६४ पासून बनत आहे. तिचे दहा काडतुसांचे फिरते मॅगझिन दस्त्याच्या आतच सामावते, त्यामुळे हातात धरण्याच्या जागी खाली काही लोंबत नाही. तिची नळी दोन स्क्रूंनी धरलेल्या एका ठोकळ्यामुळे जागेवर राहते, म्हणून नळी, दस्ता, चापाची जुळणी असे भाग मालकाला टप्प्याटप्प्याने बदलता येतात, आणि त्या रायफलीवर प्रेम जडण्याचे ते एक मोठे कारण आहे. माझा स्वतःचा कल मात्र बोल्ट ॲक्शनकडे, म्हणजे प्रत्येक गोळीनंतर बोल्ट नावाची खीळ हाताने मागे-पुढे करून चालवण्याच्या रायफलीकडे आहे. चेक बनावटीची सीझेड ४५७ आपल्या चापाचे वजन कमी-जास्त करू देते, तिचा बोल्ट आखूड कोनात फिरतो आणि प्रत्येक काडतूस हाताने बोल्ट चालवून चढवावे लागत असल्यामुळे नवशिका आपोआप सावकाश होतो. ज्यांना पुढे स्पर्धेतच उतरायचे आहे, त्यांनी जर्मनीच्या आन्शुट्झ कंपनीच्या, मॅच ५४ या यंत्रणेवर आधारलेल्या रायफलींचा विचार करावा. ५० मीटरच्या स्पर्धेत दहा गुणांच्या वर्तुळाचा व्यास १०.४ मिलिमीटर असतो, आणि त्यात सातत्याने गोळी घालायची तर यंत्रणेत शंकेला जागा असून चालत नाही.

एक सूचना जोडतो. .२२ च्या रायफली काडतुसांच्या बाबतीत विलक्षण चोखंदळ असतात. एकाच कारखान्यातील, एकाच दिवशी बनलेल्या दोन रायफलींना वेगवेगळी काडतुसे मानवतात. म्हणून रायफल घेताच चार-पाच प्रकारची काडतुसे थोडी थोडी आणून, टेकू देऊन, ५० मीटरवर प्रत्येकाचे दहा-दहा गोळ्यांचे गट घ्यावेत आणि जे मानवेल त्याचा एकाच उत्पादन-तुकडीतील साठा करावा. लक्ष्यावर मारण्यासाठी सेकंदाला सुमारे ३३० मीटर, म्हणजे ध्वनीच्या वेगाच्या थोडी खाली राहणारी काडतुसे घ्यावीत. अधिक वेगाची गोळी वाटेत ध्वनीच्या वेगाखाली उतरते आणि त्या क्षणी तिचा तोल ढळण्याची शक्यता असते. आपली रायफल वाईट आहे असे समजून ती विकून टाकणाऱ्यांपैकी कित्येकांनी तिला योग्य काडतूस कधी दिलेलेच नसते.

प्रश्न : मला जुन्या सैनिकी रायफलींचे आकर्षण आहे. त्यांचा इतिहास वाचताना आनंद होतो, पण विकत घेऊन त्यांचा प्रत्यक्ष वापर करण्यात समाधान आहे का? आणि घेताना काय तपासावे?

उत्तर : समाधान आहे, आणि ते वेगळ्याच प्रतीचे आहे. जर्मन सैन्याची १८९८ ची माउझर हातात घेऊन बोल्ट पुढे सारला, की मॅगझिनमधून वर येणारे काडतूस लांब नखीच्या पकडीत येते आणि चेंबरमध्ये, म्हणजे नळीच्या मागच्या टोकाशी असलेल्या काडतुसाच्या जागेत जाईपर्यंत त्या पकडीतून सुटत नाही. घाईत बोल्ट अर्धवट मागे ओढला गेला तरी दुसरे काडतूस पहिल्यावर जाऊन अडकत नाही. बोल्टच्या पुढच्या टोकाला दोन खुंट असताना मागच्या बाजूला तिसरा खुंट केवळ सुरक्षेसाठी ठेवलेला आहे, आणि काडतुसाचे बूड फुटलेच तर वायू नेमबाजाच्या चेहऱ्यापासून दूर जावा यासाठी वाटा करून दिलेल्या आहेत. सव्वाशे वर्षांनंतरही शिकारी रायफली बनवणारे कारागीर याच रचनेकडे परत येतात.

ब्रिटिश सैन्याच्या ली-एन्फील्डचा स्वभाव निराळा आहे. तिचा बोल्ट आखूड कोनात फिरतो, काडतूस पेटवणाऱ्या सुईची कमान बोल्ट पुढे ढकलताना ताणली जाते आणि मॅगझिनमध्ये दहा काडतुसे मावतात, त्यामुळे हाताने चालवण्याच्या रायफलींमध्ये वेगाच्या बाबतीत तिची बरोबरी करणाऱ्या फार थोड्या. स्वित्झर्लंडच्या के-३१ चा बोल्ट तर फिरवावाच लागत नाही, सरळ मागे ओढून सरळ पुढे ढकलायचा असतो. तिची नळी आणि चाप इतके उत्तम असतात की सैनिकी रायफल स्पर्धेच्या रायफलीसारखी वागू शकते, याची खात्री पटते. कित्येक के-३१ रायफलींच्या दस्त्याच्या मागील पट्टीखाली ती ज्या सैनिकाला दिली होती त्याच्या नावाची चिठ्ठी आजही सापडते. ज्यांना इतिहासाची ओढ आहे, त्यांनी मनात ठरवायची पहिली रायफल हीच, असे मी म्हणेन.

तपासणीबाबत मात्र भावनेला जागा देऊ नये. चेंबर आणि बोल्टचे तोंड यांच्यातील अंतर, ज्याला हेडस्पेस म्हणतात, ते बंदूक-कारागिराकडून मापकाने तपासून घेतल्याशिवाय एकही गोळी झाडू नये. बोल्टवरचा आणि रायफलीवरचा क्रमांक एकच आहे का ते पाहावे. ली-एन्फील्डच्या क्रमांक ४ या प्रकारात बोल्टचे पुढचे टोक ० ते ३ अशा चार मापांत मिळत असे आणि झिजेनुसार मोठे माप बसवले जाई. ३ क्रमांकाचे टोक बसवूनही अंतर जास्त भरत असेल, तर ती रायफल भिंतीवरच शोभेल. जुन्या जर्मन रायफलींच्या बाबतीत आणखी एक धोका आहे. सुरुवातीच्या ८ मिलिमीटर काडतुसाची गोळी ८.०८ मिलिमीटर व्यासाची होती, तर नंतरची ८.२० मिलिमीटरची, अरुंद नळीत रुंद गोळी गेल्यास दाब धोकादायक पातळीवर जातो, म्हणून नळीवरचा शिक्का वाचून, आणि शंका असल्यास नळीचे माप घेऊनच काडतूस निवडावे. नळीचे तोंड सफाईच्या गजाने एका बाजूला झिजलेले नसावे आणि आतील आटे शेवटपर्यंत ठळक दिसावेत.

जुनी सैनिकी काडतुसे स्वस्त मिळाली, तर त्यांच्या पेटवणीत पोटॅशियम क्लोरेट असण्याची शक्यता गृहीत धरावी. ते जळल्यावर मागे राहणारा क्षार हवेतील ओलावा ओढतो आणि नळीला लवकरच गंज चढतो. नुसत्या तेलाने तो क्षार विरघळत नाही. त्याच दिवशी गरम पाण्याने नळी धुऊन, पूर्ण कोरडी करून, मग तेल लावावे. आणि एक विनंती : मूळ रूपात असलेली सैनिकी रायफल दस्ता कापून किंवा नळी आखूड करून शिकारी बनवू नये. तिची किंमत घटते हा मुद्दा आहेच, पण जे एकदा कापले गेले ते परत येत नाही याचे मला अधिक वाईट वाटते.

प्रश्न : माझी उंची कमी आहे आणि क्लबमधील प्रत्येक रायफल मला लांब वाटते. मान पुढे काढून नेम धरावा लागतो. यावर उपाय आहे का, की मी सवय करून घ्यावी?

उत्तर : सवय अजिबात करून घेऊ नका. दस्त्याच्या मागच्या टोकापासून चापापर्यंतचे अंतर बहुतेक कारखान्यांत सुमारे ३४ सेंटिमीटर ठेवलेले असते आणि ते मध्यम उंचीच्या पुरुषाला सोयीचे असते. ज्या रायफलींच्या दस्त्यात काढता-घालता येणाऱ्या चकत्या असतात, त्यांत हे अंतर कमी करता येते. लाकडी दस्ता कारागिराकडून कापूनही घेता येतो. गाल टेकवण्याची जागाही डोळ्याच्या रेषेशी जुळली पाहिजे. डोळे मिटून रायफल खांद्याला लावा आणि मग डोळे उघडा. दुर्बिणीतून पूर्ण गोल चित्र लगेच दिसले, तर ती रायफल तुमच्या अंगाची आहे. ही परीक्षा दुकानात, रायफल रिकामी असल्याची दोनदा खात्री करून आणि नळी सुरक्षित दिशेला ठेवून, कोणताही संकोच न बाळगता करावी. अंगाला बसणारी साधी रायफल न बसणाऱ्या महागड्या रायफलीपेक्षा कितीतरी अधिक आनंद देते.

प्रश्न : शिकारीसाठी आणि लांब पल्ल्याच्या नेमबाजीसाठी एकच चांगली रायफल घ्यायची आहे. विंचेस्टर मॉडेल ७० ची जुनी आवृत्ती, नवीन टिका, की एखादी मॅग्नम, म्हणजे जादा दारूच्या काडतुसाची रायफल, यांत मन अडकले आहे.

उत्तर : मॅग्नमचा विचार प्रथम बाजूला ठेवा. .३०० विंचेस्टर मॅग्नम हे १९६३ चे काडतूस समर्थ आहे, पण त्याचा धक्का .३०८ या प्रचलित काडतुसापेक्षा लक्षणीय जास्त असतो, दारूचे प्रमाण मोठे असल्यामुळे नळीचा सुरुवातीचा भाग लवकर झिजतो, आणि बहुतेक मालक ज्या अंतरावर प्रत्यक्ष गोळी झाडतात तिथे त्या जादा शक्तीचा काही उपयोग होत नाही. हौसेने घेऊन लवकर विकल्या जाणाऱ्या रायफलींमध्ये मी मॅग्नमच सर्वांत जास्त पाहिल्या आहेत. ६.५×५५ हे स्वीडनमध्ये एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस रूढ झालेले काडतूस, किंवा त्याच वाटेने जाणारे नवे ६.५ क्रीडमूर, यांच्या लांबट गोळ्या वारा चांगला कापतात आणि खांद्यालाही सोसतात.

मॉडेल ७० ही १९३६ ची रचना आहे, आणि तिने माउझरची ती लांब नखी उचलली होती. १९६४ मध्ये उत्पादनखर्च कमी करण्यासाठी नखी काढून टाकण्यात आली, तेव्हा चाहते इतके नाराज झाले, की त्याआधीच्या रायफलींना आजही वेगळा भाव मिळतो. पुढे कंपनीने ती रचना परत आणली. जुन्या कारागिरीचा आनंद हवा असेल, तर ती जरूर घ्यावी. फिनलंडची टिका टी३एक्स मात्र दिसायला साधी असूनही तिचा बोल्ट तेलावर फिरल्यासारखा चालतो, चाप स्वच्छ सुटतो आणि बहुतेक नग १०० मीटरवर एका मिनिटाच्या (अंशाच्या साठाव्या भागाच्या) कोनात, म्हणजे सुमारे २.९ सेंटिमीटरमध्ये गट देतात. रोज वापरायची रायफल म्हणून माझे मत टिकाला आहे. तीन गोळ्यांचा गट दाखवून कोणी रायफलीची फुशारकी मारत असेल, तर तिथेच दहा गोळ्यांचा गट मागावा. तीन गोळ्यांत योगायोग बराच असतो. लाकडी दस्ता निवडल्यास नळी आणि लाकूड यांच्यात कागद सहज सरकेल एवढी फट असावी, कारण दमट हवेत लाकूड फुगून नळीला टेकले की गोळी पडण्याची जागा बदलते.

प्रश्न : रायफलीवर जास्त खर्च करावा की दुर्बिणीवर?

उत्तर : दुर्बिणीवर कंजुषी करू नये, एवढे नक्की. .२२ साठी बनवलेल्या दुर्बिणीचे पॅरलॅक्स सुमारे ५० यार्डांवर जुळवलेले असते आणि मोठ्या रायफलींच्या दुर्बिणीचे १०० यार्डांवर. चुकीची निवड केल्यास डोळा जरा हलला तरी काट्याचा बिंदू लक्ष्यावरून सरकतो. स्प्रिंगच्या एअर रायफलीवर तर खास तिच्यासाठी बनवलेलीच दुर्बीण लावावी, कारण तिचा धक्का मागे आणि पुढे अशा दोन्ही दिशांनी बसतो आणि साधी दुर्बीण आतून निखळते.

प्रश्न : रायफल घेतल्यावर ती फोमच्या पेटीत बंद ठेवली तर चालेल का?

उत्तर : प्रवासापुरती चालेल, साठवणीसाठी नाही. फोम ओलावा धरून ठेवतो आणि जिथे तो धातूला टेकतो तिथे गंजाचे डाग उमटतात. रायफल रिकामी करून, बोटांचे ठसे पुसून, तेलाचा पातळ हात फिरवून पोलादी कपाटात उभी ठेवावी. काडतुसे वेगळ्या कुलुपात, आणि दोन्ही किल्ल्या मुलांच्या हाती न लागतील अशा असाव्यात. कपाटात ओलावा शोषणारी पुडी ठेवून ती अधूनमधून वाळवावी. खोलीत दमटपणा जास्त असेल, तर महिन्यातून एकदा बोल्ट काढून, नळीतून कोरडे फडके ओढून ते पांढरे बाहेर येते की तांबूस, हे पाहावे. तांबूस आले तर त्याच दिवशी सफाई करावी.