गोव्यात संग्रहालयाचा क्युरेटर, म्हणजे तिथला संग्रह सांभाळणारा, दिवसभर नेमकं करतो काय?

मांडणी आणि उद्घाटनं हा कामाचा छोटा भाग. खरा वेळ जातो नोंदवहीत आणि पावसाळ्यात! वस्तू आली की तिला क्रमांक, मोजमाप, फोटो. घरच्या आजींकडून ती कोण, कधी, कशी वापरायचं हे तेव्हाच लिहून घ्यायचं. नाहीतर जुनी विळी नुसतं गंजकं लोखंड ठरते.

जून ते सप्टेंबर हवेतली आर्द्रता ऐंशी टक्क्यांच्या वर सहज जाते. कुणबी साडीच्या घडीवर बुरशी धरते, देव्हाऱ्याच्या लाकडाखाली पिठासारखा ताजा भुसा दिसला की आत कीड जिवंत आहे समजा. ती वस्तू लगेच वेगळी ठेवायची. वेखंडाची पुरचुंडी ठेवतात खरी, पण माझा भरवसा रोजच्या पाहणीवर जास्त.

शिकायचं असेल तर बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात संग्रहालयशास्त्राचा विभाग १९५२ पासून आहे. त्याआधी बाणावलीचं 'गोवा चित्र' संग्रहालय निवांत बघून या. शेतीची अवजारं एवढ्या मायेनं जपलेली क्वचितच दिसतात. नोकऱ्या मात्र मोजक्याच, आणि गोव्याचे पोर्तुगीज काळातले दस्तऐवज वाचायचे तर पोर्तुगीज लागतेच.