वाचकांचे प्रश्न : परदेशातील शाळेत शिक्षकाची नोकरी

प्रश्न : मी कोल्हापुरातील एका अनुदानित माध्यमिक शाळेत नववी-दहावीच्या वर्गांना विज्ञान शिकवते. शिवाजी विद्यापीठाची बी.एस्सी. आणि बी.एड. झालेली असून नोकरी कायम आहे. नियुक्ती नोव्हेंबर २००५ नंतरची असल्याने जुनी पेन्शन मला लागू नाही. दुबईतील एका शाळेने ऑनलाइन मुलाखत घेऊन महिना सहा हजार दिरहमचा प्रस्ताव दिला आहे. पदव्या माहेरच्या नावाने आहेत आणि पासपोर्ट सासरच्या नावाने. राजीनामा केव्हा द्यावा आणि कागदपत्रांची तयारी कशी करावी?
— एक शिक्षिका, राजारामपुरी

उत्तर : आपण पगाराचा आकडा कळवला, पण शाळेचा अभ्यासक्रम कोणता ते कळवले नाही. दुबईत सीबीएसईच्या, ब्रिटिश व अमेरिकन अभ्यासक्रमाच्या आणि आयबीच्या (इंटरनॅशनल बॅकलॉरिएट या आंतरराष्ट्रीय अभ्यासक्रमाच्या) अशा सगळ्या प्रकारच्या खासगी शाळा शेजारी शेजारी चालतात, त्यांच्यावर केएचडीए या सरकारी संस्थेचे नियंत्रण असते आणि यांपैकी बहुतेक शाळा स्वतःला आंतरराष्ट्रीयच म्हणवतात. भारतीय अभ्यासक्रमाच्या शाळांची फी तुलनेने कमी असते, त्यामुळे पगारही कमी असतो. मात्र आपल्या अनुभवाला पहिले दार तिथेच उघडते, हे मान्य करून पुढचा विचार करावा. दोन-तीन वर्षे तिथे काढून नंतर ब्रिटिश किंवा आयबी शाळेत जाणारे शिक्षक पुष्कळ आहेत आणि त्यात कमीपणा काहीही नाही.

सहा हजारांत मूळ वेतन किती, हे शाळेकडून लेखी घ्यावे. संयुक्त अरब अमिरातीच्या २०२१ च्या कामगार कायद्यानुसार, किमान एक वर्ष नोकरी झाल्यावर, पहिल्या पाच वर्षांसाठी दरवर्षी २१ दिवसांच्या मूळ वेतनाइतकी आणि त्यापुढे दरवर्षी ३० दिवसांच्या मूळ वेतनाइतकी ग्रॅच्युइटी मिळते. एकूण पगार सहा हजार असला तरी मूळ वेतन तीन हजार दाखवले असेल, तर वर्षामागे २,१०० दिरहम होतात. तेच पाच हजार असेल तर ३,५०० होतात. भत्त्यांची गोळाबेरीज दाखवून मूळ वेतन खाली ठेवण्याचा हा प्रकार आपल्याकडच्या विनाअनुदानित शाळांतूनही चालतो, त्यामुळे तो आपल्याला नवा वाटू नये. त्याखेरीज शाळा घर देते की घरभाडे भत्ता, भत्ता सहा हजारांच्या आत की बाहेर, वर्षातून एकदाचे विमानभाडे आणि आरोग्य विमा कोणाकडे, हेही विचारावे. घर स्वतः घ्यायचे असेल तर हा पगार दुबईत अपुरा वाटेल. अनेकजण त्यासाठी शारजाला राहतात आणि रोजचे जाणे-येणे वाहतुकीच्या कोंडीत काढतात. कुटुंबाला नेण्याचा विचार असल्यास व्हिजासाठी किमान चार हजार दिरहम पगार, किंवा तीन हजार आणि राहण्याची सोय, अशी अट आहे. ती आपण पूर्ण करता, पण अट पूर्ण होणे आणि घरखर्च भागणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

राजीनाम्याबाबत माझे मत स्पष्ट आहे : हाती केवळ ऑफर लेटर असताना तो देऊ नये. सहीचा करार, शाळेने कामगार मंत्रालयाकडून घेतलेला वर्क परमिट आणि नियुक्तीला केएचडीएची मान्यता मिळण्याबाबत शाळेचे लेखी उत्तर, इतके हाती आल्यावरच संस्थेकडे जावे. खासगी शाळांच्या १९८१ च्या सेवाशर्ती नियमावलीप्रमाणे कायम शिक्षकाला तीन कॅलेंडर महिन्यांची नोटीस द्यावी लागते. दुबईतील भारतीय अभ्यासक्रमाच्या शाळांचे वर्ष एप्रिलमध्ये सुरू होते, म्हणजे नोटीस डिसेंबर संपण्यापूर्वी जायला हवी आणि आपल्या दहावीच्या मुलांची परीक्षा ऐन नोटीसकाळात येणार. इतर अभ्यासक्रमांच्या शाळा ऑगस्टअखेर किंवा सप्टेंबरात उघडतात. तो पर्याय असेल तर नोटीस मेअखेर दिली तरी चालते आणि दहावीचा वर्ग अर्ध्यावर सोडावा लागत नाही. बिनपगारी रजा टाकून 'जाऊन तर बघते' असे सुचवणारे सहकारी भेटतील. त्यांचे ऐकू नये, कारण इथल्या सेवेत असताना परक्या शाळेचा पगार घेणे नियमात बसत नाही. एकदा सोडलेली अनुदानित जागा परत मिळत नाही, हे आपल्याला सांगायला नकोच.

कागदपत्रांत सर्वाधिक वेळ साक्षांकनाला, म्हणजे कागद खरा असल्याचे सरकारी शिक्के मिळवायला लागतो. हेग अपोस्टिल करारातील देशांत कागदावर अपोस्टिल हा एकच शिक्का पुरतो; संयुक्त अरब अमिराती त्या करारात नाही, म्हणून केवळ अपोस्टिल घेऊन भागत नाही. पदवीचे प्रमाणपत्र प्रथम राज्य शासनाकडे, मग परराष्ट्र मंत्रालयाकडे, त्यानंतर अमिरातीच्या दूतावासाकडे आणि शेवटी तिकडच्या परराष्ट्र मंत्रालयाकडे जाते. यातील बरेचसे शिक्के आणि स्टिकर मूळ कागदाच्या मागच्या बाजूला बसतात. आपल्याकडे मात्र प्रमाणपत्र हाती पडले की दुसऱ्याच दिवशी लॅमिनेशन करण्याची हौस असते. आपलेही तसे झाले असेल, तर ते घरी इस्त्री लावून सोडवत बसू नये; कागदावरची शाई आणि सही त्यातच जाते. विद्यापीठाच्या परीक्षा विभागाकडे दुय्यम प्रतीसाठी आताच अर्ज करावा.

नावाच्या फरकासाठी पासपोर्ट बदलण्याची गरज नाही. महापालिकेतील विवाह नोंदणीचा दाखला, ज्यात दोन्ही नावे स्पष्ट असतील, तोही पदवीबरोबर साक्षांकित करून घ्यावा. नाव राजपत्रात प्रसिद्ध केले असेल तर ती प्रत जोडावी. गुणपत्रकावर आडनाव आधी, प्रमाणपत्रावर शेवटी, तर पासपोर्टवर वडिलांच्या जागी पतीचे नाव, असा प्रकार मराठी घरांत नेहमीचाच असतो आणि परदेशी कारकुनाला त्या तीन वेगळ्या बायका वाटतात. सर्व कागदांवरील नावे एका कोऱ्या कागदावर एकाखाली एक लिहून काढली, तर फरक लगेच दिसतो. अनुभवाच्या दाखल्यावर मुख्याध्यापकांच्या सहीखाली शिक्षणाधिकारी (माध्यमिक) यांची प्रतिस्वाक्षरी घेऊन ठेवावी आणि विषय, वर्ग व तारखा त्यात स्पष्ट असाव्यात. पोलिसांचा चारित्र्य दाखला पासपोर्ट कार्यालयामार्फत मिळतो. त्याची मुदत मर्यादित धरली जाते, म्हणून तो सर्वांत शेवटी काढावा.

कराचे थोडक्यात सांगतो. दुबईत पगारावर प्राप्तिकर नाही. नोकरीसाठी देश सोडलेल्या आर्थिक वर्षात भारतातील वास्तव्य १८२ दिवसांपेक्षा कमी असेल, तर आपण अनिवासी ठरता. बँकेतील बचत खाते एनआरओ (अनिवासींचे भारतातील पैशांसाठीचे खाते) करून घ्यावे आणि तिकडून पाठवायच्या पैशांसाठी एनआरई (अनिवासींचे परदेशी कमाईसाठीचे) खाते वेगळे उघडावे.

प्रश्न : माझ्या एम.ए., बी.एड. झालेल्या मुलाला एक एजंट आखाती देशातील शाळेत लावून देतो म्हणतो. दीड लाख रुपये आगाऊ मागतो आणि 'व्हिजिट व्हिजावर जाऊ दे, तिथे गेल्यावर पक्के होईल' असे सांगतो. पैसे द्यावेत का?
— एक पालक, शाहूपुरी

उत्तर : देऊ नयेत. परदेशी नोकरीसाठी भरती करणाऱ्या एजंटाची १९८३ च्या उत्प्रवास कायद्याखाली नोंदणी असावी लागते, आणि अशा नोंदणीकृत एजंटालाही उमेदवाराकडून जास्तीत जास्त ३०,००० रुपये व त्यावर जीएसटी इतकेच शुल्क घेता येते. अठरा टक्के धरून ते ३५,४०० रुपये होतात आणि त्याची पावती द्यावी लागते. केंद्र सरकारच्या ई-मायग्रेट संकेतस्थळावर नोंदणीकृत एजंटांची यादी आहे. त्यात या गृहस्थांचा नोंदणी क्रमांक सापडतो का, ते मुलाने स्वतः पाहावे, एजंटाने दाखवलेल्या झेरॉक्सवर विसंबू नये. दुबईपुरते बोलायचे तर तिथल्या कायद्याने भरतीचा खर्च मालकाने कामगाराकडून वसूल करणेच निषिद्ध आहे. व्हिजिट व्हिजावर वर्गात उभे राहणे बेकायदा असून, पगार थकला तरी तक्रार करायला हाती करार नसतो. एजंटाला एकच विचारावे : शाळेचे नाव काय आणि मुख्याध्यापकांशी मुलाची मुलाखत कधी? चांगल्या शाळा धड्याचे प्रात्यक्षिक घेतल्याशिवाय शिक्षक नेत नाहीत. मुलाखत नाही, प्रात्यक्षिक नाही आणि पैसे मात्र आगाऊ, यावरून काय समजायचे ते आपण जाणताच.

प्रश्न : आयबी शाळेत अर्ज करण्यासाठी आधी आयबीचा महागडा कोर्स करणे आवश्यक आहे का? मी गणित शिकवतो.
— एक शिक्षक, कळंबा

उत्तर : नाही. आयबी शाळा शिक्षकाची विषयातील पदवी, बी.एड. आणि वर्गातील काम पाहतात, आणि आयबीची प्रशिक्षणे बहुतेक ठिकाणी शाळाच रुजू झाल्यावर देते. तोच खर्च करण्यापेक्षा प्रात्यक्षिकाची तयारी करावी. तिथे वीस मिनिटांत आपण काय शिकवता यापेक्षा मुलांना ते कितपत कळले हे कसे तपासता, याकडे जास्त लक्ष असते. अपूर्णांकांची बेरीज फळ्यावर सोडवून दाखवण्याऐवजी, 'एक द्वितीयांश अधिक एक तृतीयांश म्हणजे दोन पंचमांश' असे चुकीचे उत्तर लिहून ते का पटत नाही, हे मुलांकडून वदवून घ्यावे. हा धडा इंग्रजीत, मोबाइलवर चित्रित करून, आपल्याच शाळेतील इंग्रजीच्या शिक्षकांना दाखवावा आणि मगच अर्ज पाठवावा. या शाळांची भरती साधारण नोव्हेंबरपासून सुरू होते, तेव्हा दिवाळीची सुट्टी या चित्रीकरणाला पुरेशी आहे.